‘टीकात्मक’ म्हणजे दोष काढणे नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीत प्रश्नांमधल्या आज्ञार्थी शब्दांवर लेख आला, त्याबद्दल आभार. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यावर असे काही छापायलाच हवे होते. पण चौकटीत ‘चर्चा करा = सविस्तर लिहा’ आणि ‘टीकात्मक परीक्षण करा = दोष दाखवा’ असे दिले आहे, ते छापण्यापूर्वी कोणी वाचले होते का? अशा चौकटी कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवणारी मुले असतात, साहेब.

‘टीका’ हा शब्द आपण बोलण्यात शिवीच्या शेजारी नेऊन बसवला, तिथून ही गफलत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच, म्हणजे भाष्य. तिच्यात माउलींनी गीतेचे दोष काढलेत, असे लेखकमहाशयांना म्हणायचे आहे काय? या प्रश्नात बहुधा एक विधान दिलेले असते. ते कुठवर टिकते, कशाच्या आधारावर टिकते आणि कुठे तोकडे पडते, हे तपासून शेवटी निवाडा द्यायचा. नुसते दोष लिहिले तर अर्धेच उत्तर झाले.

उदाहरण आपल्या सोलापुरातलेच घ्या, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचे. 1930 च्या मार्शल लॉचे (लष्करी अंमलाचे) ‘वर्णन करा’ म्हटले की गांधीजींची अटक, 8 मे 1930 चा गोळीबार, 12 मे रोजी मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी, हे क्रमाने लिहावे; मत देऊ नये. ‘कारणे स्पष्ट करा’ आले की तारखा मागे सारायच्या. गिरण्या, कामगारांची दाट वस्ती, मिठाच्या सत्याग्रहाने तापलेली हवा, आणि दर मुद्द्याला एक ‘म्हणून’. ‘चर्चा करा’मध्ये हा सत्याग्रहाचाच भाग होता की कामगारांचा वेगळा उठाव, या दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आणि ‘हा उठाव पूर्णपणे उत्स्फूर्त होता’ या विधानाचे टीकात्मक परीक्षण विचारले, तर सगळे गुण ‘पूर्णपणे’ या शब्दात दडलेले असतात. अटकेच्या बातमीने लोक रस्त्यावर आले हे खरे, पण आधीची काँग्रेसची बांधणी हिशेबात धरायची की नाही? ‘मूल्यमापन करा’ असेल तर आधी निकष सांगायचा (देशभर पडसाद किती उमटले, हा एक) आणि मग तोलायचे. निकष नसला की उत्तराचे गौरवगीत होते. हुतात्म्यांच्या विषयात तर हमखास.

आपल्या चौकटीच्या भरवशावर बसलेला विद्यार्थी या पाचही प्रश्नांना ‘सविस्तर’ असे एकच उत्तर लिहील.

त्यात पुन्हा ‘भरपूर मुद्दे लिहा’ हा सल्ला. अशीच वर्णनात्मक असलेली केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा घ्या: सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत 20 प्रश्न असतात. 10 गुणांना 150 शब्द, 15 गुणांना 250. म्हणजे हाताशी साधारण सात आणि अकरा मिनिटे. 250 शब्दांत प्रस्तावनेला 30, विधानाच्या बाजूला 100, विरुद्ध बाजूला 80 आणि निवाड्याला 40. भरपूर मुद्दे बसवायचे कुठे? ‘स्पष्ट करून मूल्यमापन करा’ अशी जोडआज्ञा असली की मुले स्पष्टीकरणातच जागा संपवतात आणि मूल्यमापन शेवटच्या दीड ओळीत उरकतात. प्रश्न वाचताना पेन्सिलीची रेघ विषयाखाली मारतात, ती क्रियापदाखाली मारावी. ‘केवळ’, ‘कितपत’, ‘पूर्णपणे’ यांना गोल करावा. एवढे दिले असते तरी पुष्कळ होते.

जाता जाता, ती चौकट भगव्या रंगावर पिवळ्या अक्षरांत होती आणि तिच्यात ‘मूल्यमापन’ दोनदा ऱ्हस्व ‘मु’ने लिहिले होते. दुरुस्ती छापणार असाल तर निदान काळ्या शाईत छापा.

– एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर