नसलेल्या हाताची मूठ

प्रिय सुध्या,

पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, सगळे बरे आहेत. आईचे गुडघे आहेत तसेच. सुनीताला मध्ये चिकुनगुन्या होऊन गेला. माझं बरं. अप्पांचं खाली लिहितो, पत्रच त्यांच्यापायी लिहायला घेतलंय.

आठ महिने तुझा फोन उचलला नाही. दवाखान्यात तू तीनदा येऊन गेलास आणि तिन्ही वेळा मी गोळ्या आणायच्या निमित्तानं खाली निघून गेलो. बारशालाही आलो नाही. तू रागावला असशील आणि तुझा राग रास्त आहे. कारण ह्याच पत्रात सांगणार आहे, पण तिथपर्यंत मला माझ्या चालीनं येऊ दे.

परवा संध्याकाळी अप्पांची मूठ उघडली. उजव्या हाताची.

हो, तोच हात, कडबाकुट्टीत गेलेला. सोलापूरहून घरी आणल्यावर तिसऱ्या का चौथ्या रात्री सुरू झालं. बाजेवर उठून बसायचे आणि म्हणायचे, "दत्ता, मूठ आवळून बसलीया. नखं तळव्यात रुतत्यात. उघडून दे रं." आणि तिथं काय आहे? कोपराखाली चार बोटं हात, पुढं टाक्यांचा गोळा आणि त्यावर फडकं. मी काय उघडून देऊ? तो गोळा दोन्ही हातांत धरून बसायचो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

थोरली आत्या म्हणाली, हात नीट पुरला नसणार, म्हणून तो जिथं असेल तिथं वळवळतोय. देवऋषी पण गाठून आली. तिचं मला वाईट वाटलं नाही, ती निदान दुखतंय हे मान्य करत होती. राग आला तो पारावरच्यांचा. "अप्पांनी मनाला लावून घेतलंय" म्हणे. तूच सांग, अप्पा असल्या कळा काढतील? आपण दोघं चिंचेखाली होतो तेव्हा त्यांना विंचू चावला होता. हातातली सरी पुरी करूनच ते बांधावर बसले. तो माणूस रात्री लेकरासारखा रडत होता, सुध्या.

मग मार्चमध्ये दाढीची गोष्ट झाली. वस्तरा डाव्या हातात त्यांना धरवत नाही, म्हणून एक दिवसाआड दाढी मी करतो. ओसरीवर बसवलं, कोमट पाण्यानं तोंड भिजवलं आणि उजव्या गालावर साबणाचा ब्रश फिरवायला लागलो, तर डोळे मिटूनच म्हणाले, "अंगठा कशाला चोळतोस?" मला वाटलं, डुलकी लागली. विचारलं, "कुठला अंगठा?" तर म्हणाले, "गेलेला." मी ब्रश वरच्या ओठावर नेला. "आता पहिलं बोट." हनुवटीच्या कडेला टेकवला. "करंगळी." परत गालावर नेला, परत अंगठा. पाण्याचा एक ओघळ गालावरून मानेकडं उतरला तर म्हणाले, मनगटावरनं पाणी चाललंय आणि कोमट हाय. डाव्या गालावर कितीही घासलं तरी काही नाही. माझ्या अंगावर काटा आला. आई दळण निवडत बसली होती, ती हातातलं सूप ठेवून बघत राहिली.

जूनमध्ये दवाखान्यात तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीला हे सांगितलं. आपल्या पिंकीएवढी असेल. ती हसली नाही, खुर्ची ओढून बसली आणि अर्धा तास बोलली. पुढचं मी रात्री मोबाईलवर शोधून शोधून वाचलं. बारावी सायन्सनंतर एवढं वाचन पहिल्यांदाच झालं.

तर ऐक. हात-पाय गेलेल्या बहुतेक माणसांना तो अवयव नंतरही जाणवतो, आणि पुष्कळांना दुखतोसुद्धा. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यवैद्यानं, आंब्रोझ पारेनं हे लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हात-पाय कापले गेले, त्यांना तपासणाऱ्या विअर मिचेल नावाच्या डॉक्टरनं १८७१ मध्ये ह्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचं नाव दिलं. इंग्रजांच्या आरमारातल्या नेल्सनचा उजवा हात १७९७ च्या लढाईत गेला. नसलेला हात जाणवतो, तसा देह गेल्यावर आत्मा राहतो, असं तो म्हणायचा म्हणे. हे आत्याला वाचून दाखवलं तर तिनं डोळे पुसले आणि त्या नेल्सनचं गाव विचारलं.

दाढीचं कोडं मात्र मला आपल्या भाषेत उलगडलं, तेवढं सविस्तर लिहितो. माँट्रियलला पेनफील्ड नावाचे सर्जन होते. १९३० च्या दशकात ते रोग्याला जागं ठेवून मेंदूचं ऑपरेशन करायचे. जागं ठेवता येतं, कारण मेंदूला स्वतःला दुखतच नाही! अख्ख्या अंगाचं दुखणं ज्याला कळतं, त्याला हात लावला तर कळत नाही. ते मेंदूवर विजेचा बारीकसा स्पर्श करायचे आणि रोगी सांगायचा, आता ओठाला मुंग्या आल्या, आता बोटाला. त्यावरून त्यांनी अंगाचा नकाशा काढला. हा नकाशा म्हणजे आपल्या गावचा गट नंबरांचा नकाशा समज. प्रत्येक अवयवाचा एक गट. ओठ आणि बोटं दिसायला एवढी एवढी, पण त्यांच्या नावावर केवढी जमीन. पाठ एवढी मोठी, तिला दोन गुंठे. आणि हाताच्या गटाला लागून गट आहे तोंडाचा.

हात गेला, हाताकडून येणारा सांगावा थांबला, ते शेत पड पडलं. पड रान दिसल्यावर शेजारी काय करतो ते तुला सांगायला नको, तुमचा आणि भाऊसाहेबांचा दावा अजून चालू आहे. तोंडाच्या गटानं बांध कोरला. म्हणून गालावर ब्रश फिरला की मेंदू म्हणतो, अंगठ्याला कुणीतरी हात लावला. हे दाखवून दिलं रामचंद्रन नावाच्या मेंदूतज्ज्ञांनी. मूळचे तमिळनाडूचे, मद्रासच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढं अमेरिकेत सॅन डिएगोला गेले. १९९० नंतर त्यांनी हात गेलेल्या एका तरुणाच्या गालावर नुसती कापसाची काडी फिरवली आणि त्याला नसलेली बोटं जाणवली. माझ्याकडं ब्रश होता, एवढाच फरक. आता नवे शास्त्रज्ञ म्हणतात की हाताचा गट कुणी बळकावत नाही, उतारा शेवटपर्यंत हाताच्याच नावावर राहतो. त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही खरं वाटतं, कारण अप्पांना गालावर बोटंही जाणवतात आणि रात्री हातही तसाच्या तसा असतो.

ह्यावरून सरांचा तो ठिपक्याचा प्रयोग आठवला? एक डोळा मिटायचा, कागदावरच्या फुलीकडं बघत कागद जवळ आणायचा, आणि शेजारचा ठिपका गायब. डोळ्याची नस जिथून मागं जाते तिथं दिसतच नाही, पण मेंदू ते भोक आजूबाजूच्या रंगानं बुजवतो, म्हणून जन्मभर पत्ता लागत नाही. तू उठून म्हणाला होतास, "सर, मग जे दिसतं त्यातलं खरं किती?" सरांनी तुला शाबासकी दिली आणि मी आठवडाभर जळत होतो.

तर मूठ. हात जाताना ज्या स्थितीत असतो, पुष्कळांचा नसलेला हात त्याच स्थितीत अडकून राहतो. मेंदू हुकूम सोडतो, उघड. उघडली म्हणून सांगायला हातच नाही. मेंदू पुन्हा हुकूम सोडतो, आणखी जोरात, आणि नखं आणखी रुततात. रामचंद्रन यांनी त्यावर जे औषध काढलं ते आरसा. साधा, बाजारातला. छातीसमोर उभा धरायचा, चांगला हात काचेसमोर, गेलेला हात काचेमागं. काचेत बघितलं की गेलेल्या हाताच्या जागी हात दिसतो. डावा उघडला की तोही उघडताना दिसतो, आणि मेंदू डोळ्यांवर विश्वास ठेवतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी दवाखान्यात पाय गेलेल्या सैनिकांवर हे करून बघितलं, रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरशात बघणाऱ्यांच्या कळा कमी झाल्या; आरशावर चादर टाकलेल्यांना फारसा गुण आला नाही. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, हे त्या मुलीनं आधीच बजावलं होतं.

आरसा म्हटल्यावर कोण आठवणार? सातवीच्या प्रदर्शनातला पेरिस्कोप. आरसा अप्पांचा दाढीचा, फोडलास तू, मार खाल्ला मी, आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर तू. वाऱ्यानं पडला म्हणून अजून सांगतोस. वारा नव्हता, सुध्या.

सुनीतानं तिच्या कपाटाचा आरसा काढून दिला. पाटावर उभा करून मागून उशी लावली. दुपारी चारला बसायचं. पहिले नऊ दिवस काही नाही. अप्पा माझं मन राखायला बसायचे. परवा दहावा दिवस. डावी मूठ आवळली, काचेतली आवळली. सावकाश उघडायला लागले, एकेक बोट. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. करंगळी उघडली, अंगठा उघडला आणि अप्पांचा खालचा ओठ थरथरला. म्हणाले, "सुटली."

"मूठ?"

"पेंढी. पेंढी सुटली बघ हातातनं."

मग डाव्या हातानं हवेतच धार काढायला लागले. काचेत दुसरा हात, दोन्ही हातांनी धार, चुळुक चुळुक लयीत. आई दारात उभी होती. कुणी काही बोललं नाही. मी उठून गोठ्यात गेलो.

आता सांगतो. त्या दिवशी साडेपाचला लाइट गेली. कुट्टीच्या तोंडात मक्याची पेंढी अडकलेली. ती छोटी मोटर थेट खटक्यावर चालते, तुला ठाऊक आहे. लाइट गेली की खटका पाडायचा, एवढंच माझं काम. मी खटक्यापाशीच उभा होतो आणि फोन वाजला. तुझा. "दत्त्या, मुलगी झाली!" मी ओरडतच बाहेर आलो, रेंज मिळावी म्हणून बांधापर्यंत गेलो. अप्पांना वाटलं, पोरानं खटका पाडला असणार. त्यांनी पेंढी ओढायला हात घातला. मी तुला पेढे मागत होतो तेव्हा लाइट आली.

म्हणून फोन उचलला नाही. तुझं नाव स्क्रीनवर आलं की ते ऐकू यायचं. आणि तुला सांगितलं असतं तर तू लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला हे उगाळत बसला असतास. तुझा ह्यात काडीचा दोष नाही. असलाच तर माझा आहे. आठ महिने मी कुणाला बोललो नाही. अपघात योजनेचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर अप्पा म्हणाले, "लिही, वीज अचानक आली, माझं लक्ष नव्हतं." मी मुकाट्यानं लिहिलं आणि त्यावर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. लाइट आली तरी आपोआप सुरू होणार नाही असा स्टार्टर आता बसवलाय. बाराशे रुपयांत झाला. बाराशे रुपये, सुध्या.

परवा रात्री बाजेशेजारी बसून सांगून टाकलं. "अप्पा, खटका मी पाडला नव्हता." ते बराच वेळ आढ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "ठावं हाय मला. सुध्याचा फोन होता न्हवं?" आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगी कशी हाय रं त्याची? बघायला बी गेलो न्हाय आपण."

म्हणून लिहितोय. कशी आहे पोरगी? दात आले का? नाव काय ठेवलंत तेसुद्धा मला दुसऱ्याकडून कळलं. वहिनींचं काम परत सुरू झालं का? नव्या फ्लॅटला पाणी येतं का अजून टँकरच? तुझ्या बॉसचं काय झालं? सगळं लिही, नाहीतर फोन कर, आता उचलतो. फक्त चार ते सव्वाचार नको, तेव्हा अप्पा आरशापुढं असतात. कालही बसले. मूठ परत आवळली होती, पण थोडी लवकर सुटली. रात्री सलग चार तास झोपले.

पोळ्याला तिघंही या. आणि येताना आरसा आण, हातभर रुंद, कडा घासलेला. सुनीताला तिचा परत पाहिजे, आणि अप्पांचा एक तू सातवीपासून देणं लागतोस.

तुझा,
दत्ता