जीपीएस अँटेनाची जागा डोलकाठीच्या टोकावर नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छोट्या बोटींवरील दिशादर्शक उपकरणांविषयी आपल्या दैनिकात नुकताच प्रसिद्ध झालेला लेख वाचला. पडदा किती मोठा असावा, नकाशे कोणते घ्यावेत, उन्हात पडदा वाचता येतो की नाही, या सगळ्याची त्यात चांगली चर्चा आहे. अँटेनाच्या वाट्याला मात्र "शक्य तितक्या उंच बसवावा" एवढे एकच वाक्य आले आहे आणि नेमके तेच चुकीचे आहे. अनेक वर्षे स्वतःच्या आणि इतरांच्या बोटींवर अशी उपकरणे बसवत आल्यामुळे त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

हा समज कोठून आला असावा, हे ओळखणे कठीण नाही. बोटी एकमेकींशी बोलण्यासाठी वापरतात त्या व्हीएचएफ रेडिओच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाच्या पलीकडच्या बोटीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्याचा अँटेना जितका उंच तितका पल्ला लांब, हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असते. जीपीएसचा अँटेना काही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. आणि ज्यांचे ऐकायचे ते उपग्रह क्षितिजापलीकडे नसून डोक्यावर सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरत असतात. अँटेना 10 मीटर वर नेल्याने उपग्रह जवळ येत नाहीत. त्याला उंची नको, मोकळे आकाश हवे, आणि या दोन गोष्टी एकच नाहीत.

उंचीचा केवळ उपयोग नाही असे असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. पण तिचा उपद्रवही आहे. 12 मीटर उंचीच्या डोलकाठीची बोट दोन्ही बाजूंना 20 अंश कलत असेल, तर डोलकाठीचे टोक एका हेलकाव्यात या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सुमारे 8 मीटर प्रवास करते. हा हेलकावा 3 सेकंदांचा धरला, तर टोकाचा सरासरी वेग 5 नॉटच्या थोडा वर जातो, म्हणजे अनेक शिडाच्या बोटींच्या चालीएवढा होतो. रिसीव्हरला, म्हणजे अँटेनाने ऐकलेल्या संकेतांवरून स्थान काढणाऱ्या यंत्राला, बोट दिसत नाही, त्याला फक्त अँटेना कोठे आहे ते कळते. साहजिकच बोट एका जागी उभी असतानाही तो वेग दाखवतो आणि चालत्या बोटीचा मार्ग कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळल्याचे सांगतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः हाच प्रकार करून बसलो होतो आणि पडद्यावर थयथयणाऱ्या आकड्यांचा दोष कितीतरी दिवस यंत्राला देत होतो. स्वयंचलित सुकाणू त्या आकड्यांवर चालत असेल, तर तो बिचाराही त्यांच्यामागे धावत राहतो.

यात काळाचाही एक भाग आहे. मे 2000 पर्यंत नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जात असे आणि स्थान 100 मीटरपर्यंत चुकणे मान्य धरले जाई. त्या गोंधळात डोलकाठीचे 8 मीटर कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते. आता ती चूक काढून टाकली आहे आणि मोकळ्या समुद्रात साधा रिसीव्हरही काही मीटरांच्या आत स्थान देतो. म्हणजे आज अँटेनाचा झोका हा संपूर्ण उपग्रहव्यवस्थेच्या चुकीपेक्षा मोठा ठरू शकतो. जुना सल्ला जुन्या यंत्राबरोबरच निवृत्त व्हायला हवा होता.

मग जागा कोणती? बोटीच्या मध्यरेषेजवळ, शक्यतो खाली, पण चहूबाजूंनी आकाश दिसेल अशी. केबिनचे छप्पर किंवा मागचा कठडा बहुतेक बोटींवर योग्य ठरतो. स्थान काढण्यासाठी किमान 4 उपग्रह लागतात आणि ते आकाशात विखुरलेले असले तरच हिशेब नेमका होतो. लोखंडी भिंतीने अर्धे आकाश झाकले, तर उरलेले उपग्रह एकाच दिशेला गोळा होतात आणि पडद्यावर उपग्रहांची संख्या पुरेशी दिसूनही स्थान सरकत राहते. तशी भिंत संकेत परावर्तितही करते. संकेताने 3 मीटरचा वळसा घेतला, तर तो एका सेकंदाच्या केवळ 10 कोटीव्या भागाने उशिरा येतो, पण जीपीएसचे सारे मोजमाप अशाच वेळांवर उभे असल्याने तो उशीर थेट स्थानातील चूक बनतो. कोरडे फायबरग्लास आणि कापड संकेताला बहुतेक अडवत नाहीत. धातू आणि कार्बन फायबर अडवतात, आणि अँटेनाला टेकून उभा राहिलेला माणूसही अडवतो. शिडाच्या बारीक तारांची चिंता करण्याचे कारण नाही. कठड्यावरचा अँटेना हात धरायला सोयीचा वाटतो आणि दोर त्यालाच अडकतात, एवढे मात्र जागा ठरवताना डोळ्यांपुढे आणावे.

शेजार कोणाचा, हा प्रश्न जागेइतकाच महत्त्वाचा आहे. जीपीएसचा संकेत 1575.42 मेगाहर्ट्‌झवर येतो आणि इथे पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की तो रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाखाली दबलेला असतो. ठरावीक सांकेतिक क्रमाशी जुळवून तो वर काढावा लागतो. अशा कुजबुजीशेजारी 25 वॅटचा व्हीएचएफ अँटेना उभा करायचा, तर निदान एक मीटर अंतर तरी हवे. रडारच्या किरणपट्ट्यात तर अँटेना कधीच येऊ नये. त्याच्या वर किंवा खाली असावा. सर्वांत अवघड शेजारी म्हणजे इनमारसॅटसारखा उपग्रह दूरध्वनी, कारण तो 1626.5 मेगाहर्ट्‌झपासून पुढे प्रक्षेपण करतो आणि ही वारंवारता जीपीएसच्या अगदी जवळ आहे. निरुपद्रवी दिसणारे शेजारीही असतात. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात जीपीएस चालेनासे झाले, तेव्हा बऱ्याच शोधानंतर बोटींवरच्या दूरचित्रवाणी अँटेनांचे संकेतवर्धक त्याला कारणीभूत असल्याचे आढळले. कार्यक्रम पाहण्यासाठी बसवलेल्या वस्तूने आसपासच्या बोटींचीही वाट हरवावी, यावर एरवी कोणी विश्वास ठेवला नसता.

आता केबल. इथे दोन प्रकार नीट ओळखले पाहिजेत आणि बोटीवर काम करणारे कारागीरही ते पुष्कळदा ओळखत नाहीत. काही अँटेनांत रिसीव्हर आतच असतो; त्यांच्या केबलमधून तयार माहिती येते, ती केबल योग्य पेटीत, नियमाप्रमाणे जोडून वाढवता येते. उरलेल्यांत केबलमधून प्रत्यक्ष उपग्रहाचा संकेत येतो आणि त्याच तारेतून उलट दिशेने अँटेनातील संकेतवर्धकाला काही व्होल्टचा वीजपुरवठा जातो. ही कोअॅक्सियल केबल कापून, पिळून, टेप गुंडाळून जोडणे म्हणजे ती निकामी करणे होय. नेहमी वापरली जाणारी बारीक आरजी-58 केबल या वारंवारतेवर 10 मीटरमागे तीन चतुर्थांशाहून अधिक संकेत गिळते, म्हणून लांबी उत्पादकाने दिली असेल त्या मर्यादेतच ठेवावी. जोडात खारे पाणी शिरले की तारेतील विजेमुळे तांबे झपाट्याने हिरवे पडते. जोडावर ताणून गुंडाळली की एकजीव होणारी रबरी टेप लावावी, केबल छपरातून आत घेण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, आणि तिला जागोजागी पक्के बांधावे. पायात येणारी केबल आज ना उद्या उपसली जाते.

केबलवर मी एवढा भर का देतो, याचे उत्तर 10 जून 1995 च्या एका अपघातात आहे. बर्म्युडाहून बोस्टनकडे निघालेले 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज त्या रात्री नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला उथळ वाळूत रुतले. जहाजावर दीड हजारांहून अधिक माणसे होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. चौकशीत असे निष्पन्न झाले, की बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात अँटेनाची केबल अँटेनापाशीच सुटली होती. रिसीव्हर बंद पडला नाही. तो केवळ दिशा आणि वेग यांवरून अंदाजाने स्थान सांगू लागला. सूचनेचा आवाज क्षणभरच वाजला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरे तेवढी बदलली. त्यानंतर दीड दिवसाच्या आसपास अधिकारी त्या आकड्यांवर विसंबून राहिले आणि जहाज मार्गापासून सुमारे 17 मैल दूर गेले. स्थान काढण्याचे दुसरे स्वतंत्र साधन, लोरान-सी, जहाजावर सुस्थितीत चालू होते. त्याच्याशी मात्र कोणी ताडून पाहिले नाही.

छोट्या बोटीवर आज हा धोका कमी झालेला नाही, कारण संकटाच्या वेळी लाल बटण दाबल्यावर रेडिओ जे स्थान पाठवतो, तेही बहुधा याच अँटेनातून आलेले असते. म्हणून अँटेना बसवून झाल्यावर काम संपले असे समजू नये. बोट धक्क्याला बांधलेली असताना उपग्रहांच्या संकेतांचे पान उघडावे आणि इंजिन, रडार, दिवे, पाण्याचा पंप एकेक करून सुरू करावे. व्हीएचएफवरून एखादे आवश्यक संभाषण करताना पट्ट्या खाली येतात का, तेही पाहावे. दाखवलेले स्थान नकाशावरील त्याच धक्क्याशी जुळते का, हेही पडताळावे. मग अँटेनाची केबल मुद्दाम काढून ठेवावी आणि पडद्यावर नेमके काय बदलते, आवाज किती वेळ वाजतो, इंजिनच्या घरघरीत तो सुकाणूपाशी ऐकू येतो का, हे बोटीवरच्या प्रत्येकाला एकदा दाखवावे. या परीक्षेला 5 मिनिटे पुरतात, पण ती घेतलेली बोट मला क्वचितच भेटली आहे.

आपल्या लेखकांनी पुढच्या भागात "शक्य तितक्या उंच" हे वाक्य दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक