दादा, त्या रविवारच्या एका तासासाठी

दादा,

दोन वर्षं तुम्ही माझ्याकडचा डबा खाताय. समोरासमोर आभार मानायला गेले की "त्यात काय ताई" म्हणता आणि भाजीचं कौतुक सुरू करता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

लेकीला बीएस्सी आयटीला प्रवेश मिळाला तेव्हा डब्यांच्या पैशांतून बाजूला टाकलेले १८ हजार माझ्याकडे होते. तिच्या कामाचा नवा लॅपटॉप त्यात बसत नव्हता. मग एक जाहिरात दिसली. आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, विंडोज ११, किंमत १५ हजार. टोकनचे दोन हजार पाठवायला मी फोन हातात घेतला होता. डबा न्यायला आलेल्या तुम्हाला सहज दाखवलं. तुम्ही फोटो मोठा करून पाहिलात आणि म्हणालात, "पैसे पाठवू नका. रविवारी बघून येऊ." सहा दिवस लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात लोकांचे लॅपटॉप उघडून बसायचं आणि सातव्या दिवशी माझ्यासाठी नालासोपाऱ्याहून वसईला यायचं, हे मी विसरणार नाही.

गाडीत तुम्ही सांगितलंत की नुसतं आय-सेव्हन ऐकून भुलायचं नाही, पुढचा आकडा वाचायचा. जाहिरातीतला ६५००यू म्हणजे सहावी पिढी, दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोनच मेंदू. त्यानंतरच्या आय-फाइव्ह ८२५०यूमध्ये चार असतात. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. जुन्यावर खटपट करून टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळत राहतील याची खात्री कुणी देत नाही.

विकणारे गृहस्थ चांगले होते, चहा दिला. तुम्ही लॅपटॉप माझ्यासमोर सरकवलात. "ताई, तुम्हीच टाइप करा." माझ्या हातून बॅटरीचा रिपोर्ट काढून घेतलात. मूळ क्षमता ४८ हजार मिलीवॉट-तास, आता भरते १७ हजार. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, बॅटरी झिजतेच, ती बदलता येते, तेवढ्यावरून नाही म्हणू नका. मग रिलायबिलिटी मॉनिटर उघडायला लावलात. मशीन कधी अडकलं, कधी अचानक बंद पडलं, ते त्यात तारखेनिशी लाल खुणांनी दिसतं. एकही लाल खूण नव्हती. मी खूश झाले, तेव्हा तुम्ही तारखांवर बोट ठेवलंत. सगळा आलेख चारच दिवसांचा होता. विंडोज नुकतंच नव्याने टाकलेलं, मागचा इतिहास पुसलेला. त्या गृहस्थांवर तुम्ही आवाज चढवला नाहीत. एक व्हिडिओ चालू केलात आणि म्हणालात, "अर्धा तास चालू दे, तोवर चहा घेऊ."

सव्विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. मशीन आपणहून पुन्हा सुरू झालं.

त्यांना विचारून तुम्ही मागचं झाकण उघडलंत आणि टॉर्च माझ्या हातात दिलात. चार्जिंगच्या पिनेजवळ हिरवट पांढरा थर होता. तो ओळखायला मला कुणी शिकवायला नको होतं. ओलं राहिलेल्या तांब्याच्या भांड्यावर असाच चढतो. "कळकलंय," मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. पाणी गेलं होतं, कधी आणि किती ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आणि तरीही तुम्ही "घेऊ नका" म्हणाला नाहीत. म्हणालात, "साफ करून वर्षभर चालेलही, नाहीतर पुढच्या महिन्यात बंद पडेल. मदरबोर्डाचं काम निघालं तर पाच-सहा हजारांना पडेल. ठरवा तुम्ही." नको हे मी म्हणाले. माझे पैसे, माझी लेक, म्हणून निर्णयही माझाच, हे तुम्ही न सांगता मान्य केलंत. या घरात मोठी खरेदी करताना मला असं क्वचितच कुणी विचारलंय. उठताना त्या गृहस्थांनाही तुम्ही सांगितलंत की बोर्ड लवकर साफ करून घ्या, थर पसरत जातो. तेही मी पाहिलं.

तीन आठवड्यांनी तुम्ही एका ऑफिसमधून निघालेला थिंकपॅड टी४८० सुचवलात. आय-फाइव्ह ८२५०यू, म्हणजे हाही नवा नाहीच. मी दुकानात आले तेव्हा बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीचं मूळ सेटिंगचं पान, उघडून दाखवलंत, पासवर्ड नाही, आधीच्या कंपनीचं कुलूप नाही. मग बिजागरी धरून झाकण दहा वेळा उघडझाप केली, की-बोर्डची एकेक कळ मी स्वतः दाबली, पाऊण तास व्हिडिओ चालवला. साडेसतरा हजार, पक्कं बिल आणि तीन महिन्यांची वॉरंटी. तुम्ही तुमच्या वेळेचे पैसे घेतले नाहीत, आणि मी ते हिशेबात धरून ठेवलेत.

या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या आहेत, एक आत, एक बाहेर. बाहेरची काढली तरी आतल्या बॅटरीवर तो चालू राहतो, याचं लेकीला अजून अप्रूप आहे. दर एक तारखेला ती रिपोर्ट काढते आणि दोन्हींचा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. या महिन्यात आतल्या बॅटरीचा थोडासा उतरलाय, बाहेरचा तसाच आहे. रविवारी डबा न्यायला आलात की आत येऊन बघून जा. त्या दिवशी पुरणपोळी आहे.

तुमची ताई