साठीशांत आणि रिव्हॉल्व्हर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तो रिव्हॉल्व्हरवाला लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण तापलेल्या डोक्यानं लिहिलेली पत्रं तुम्ही छापत नाही असा अनुभव आहे, म्हणून एक रात्र जाऊ दिली. फरक काही पडला नाही.

साठीशांतीला मुलांनी वडिलांना रिव्हॉल्व्हर दिलं, आनंद आहे. त्या गृहस्थांनी शंभरी गाठावी. पण चार कॉलमी फोटो? मखमलीच्या पेटीत ते हत्यार, शेजारी पेढ्याचं ताट आणि मागे चौरंगावर गणपती. त्या गणपतीला तरी बाजूला घ्यायचं. आणि खाली तुमच्या वार्ताहरांचं वाक्य, की ही भेट म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी ठेवा आहे. साहेब, पुढच्या पिढ्या काय भोगतात ते एखाद्या पुढच्या पिढीला विचारून तरी लिहायचं होतं. मी राजारामपुरीत राहते, फोन केला असता तर चहासुद्धा पाजला असता.

आमच्या घरातली बारा बोअरची दुनळी माझ्या सासऱ्यांनी आमच्या ह्यांच्या जन्माची आठवण म्हणून घेतली. साल १९६७, कोयनेच्या भूकंपाचं. तीन मुलींच्या पाठीवर मुलगा झाला म्हणून भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात साखर वाटली आणि उसाचं बिल हातात पडल्यावर बंदूक आली. परवान्यावर कारण लिहिलं होतं पीक संरक्षण. एकदा मी सासूबाईंना विचारलं, वन्संच्या जन्माला काय घेतलं होतं? त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "थोरलीच्या टायमाला म्हस व्याली हुती की." झालं, विषय संपला.

त्या बंदुकीची आणि माझी पहिली भेट माझ्याच वरातीत झाली. गारगोटीचा बँड होता, मारुतीच्या देवळापासून वरात निघाली होती. वाड्याच्या दारात आल्यावर चुलत दिरांना चेव आला. "वहिनी आली, बार काढा!" सासरे नको म्हणेपर्यंत दोन्ही चाप ओढून झाले. आवाजाचं सोडा. वर गेलेले छर्रे खाली येतात हे त्या शहाण्यांच्या ध्यानातच नव्हतं. मांडवाच्या पत्र्यावर तडतड तडतड असा आवाज झाला, क्लॅरिनेटवाला वाद्य टाकून गोठ्यात पळाला, घोडी उधळली. माझे वडील, आयुष्यभर शाळेत मुलांना शिस्त लावलेला माणूस, ते मामंजींच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी परत नेऊ का?" कुणाला लागलं नाही हे दैव. लग्नाच्या अल्बममध्ये तो प्रसंग नाही, कारण फोटोग्राफरही गोठ्यातच होता.

पुढे ती बंदूक आमच्याच पदरी आली. खंडेनवमीला कोयता, कुदळ, पंप यांच्या शेजारी पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा, इथवर ठीक. पण आचारसंहिता लागली की पोलीस पाटील निरोप घेऊन हजर. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. जमा करा, पावती घ्या, निकाल लागला की परत आणा. एकदा परत आली तेव्हा डाव्या नळीला आतून गंज आणि दस्त्यावर कुणीतरी खिळ्यानं आकडा कोरलेला. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमचीच आहे ना? मग घेऊन जावा." मामंजी दोन दिवस गज आणि तेलाची चिंधी घेऊन ओसरीवर बसले होते. त्या पावत्यांची एक वेगळी पिशवीच आहे घरात. पीक संरक्षणाचं म्हणाल तर डुकरांनी भुईमूग उकरायचा तो उकरलाच. गव्यावर तर बंदूक रोखायचीही सोय नाही, आणि नसावीच. बॅटरी आणि पत्र्याचा डबा यांनीच आमचं पीक जेवढं वाचलं तेवढं वाचलं.

मामंजी गेले. परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. मग हत्यार घरात ठेवणं बेकायदा. पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं, हा कायदाच आहे. बाराव्याच्या आधी दुकानदाराकडे नेऊन ठेवली, त्याचं भाडं सुरू झालं. वारसाच्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांच्या ना-हरकत सह्या. थोरल्या वन्संनी दिली, धाकट्यांनी दिली. मधल्या वन्सं अडून बसल्या. जमिनीच्या सातबाऱ्यावरून नाव कमी करताना ज्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं, त्या बंदुकीच्या कागदावर सही करेनात. "माज्या जल्माला आणलीया व्हय ती? मग मी कशाला सही करू?" म्हणाल्या. खरं सांगते, मला मनातून बरं वाटलं. आमचे हे मात्र तेव्हापासून त्यांच्या घरी दिवाळीलाही गेले नव्हते. शेवटी सही मिळाली ती त्यांच्या नातवाच्या जावळाला आहेर घेऊन मी गेले तेव्हा. मग कागद या टेबलावरून त्या टेबलावर, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला. ज्यांनी आयुष्यात मांजरावर दगड मारला नाही त्या आमच्या ह्यांना पन्नाशीत हत्यार चालवण्याचं शिक्षण! आता ती राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये लोखंडी कपाटात आहे. काडतुसं वेगळीकडे, किल्ली माझ्याकडे. पाहुणे आले की चहाच्या आधी विचारतात, "दाखवा की, एक फोटो काढू." पुण्याला मुलाकडे चार दिवस राहायचं म्हटलं तर दूधवाल्याची नाही, त्या कपाटाची काळजी.

आणि आता तुम्हाला एवढा राग का आला, असं विचाराल तर सांगते. आमच्या ह्यांची साठी जवळ आलीय. रविवारी दुपारी लेकानं पुण्याहून तुमच्याच पानाचा फोटो पाठवला, खाली ओळ, "आई, पप्पांना हेच देऊया का? लई भारी!" घरात एक धड सांभाळवत नाही आणि म्हणे दुसरं.

तुमच्या लेखात कायद्याचा एक शब्द नाही. घड्याळ देतात तसं रिव्हॉल्व्हर कुणी कुणाला देऊ शकत नाही. ज्याला द्यायचं त्याचा स्वतःचा परवाना आधी हवा, तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि खरेदी त्याच परवान्यावर होते. मुलांनी फार तर पैसे भरले असतील. स्वतःजवळचं जुनं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचं तर आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. त्याच दुरुस्तीत लग्नात, समारंभात बेदरकारपणे बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आमच्या चुलत दिरांच्या नशिबानं ती तेव्हा नव्हती. हे एका चौकटीत बसलं असतं. चौकटीत तुम्ही काय छापलंत? मखमलीची पेटी कुठे मिळते ते.

कर्नाटकातल्या कोडगूचा दाखला देऊन वर संस्कृतीची झालर लावलीय. कोडगूत मुलगा जन्मला की एक बार काढतात, माणूस गेला की दोन, हे खरं आहे. पण तिथल्या कोडव लोकांना परवान्यातून सूटच आहे, ती इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. कैलपोढच्या सणाला ते बंदुकांची पूजा करतात, त्यात त्यांचं घराणं, जमीन, देव सगळं येतं. पुण्या-कोल्हापूरच्या बिल्डरच्या हॉलमधल्या केकचा आणि त्याचा काय संबंध?

सगळ्यात खटकलं ते शेवटचं, "नेमबाजांच्या कोल्हापूरला हे साजेसंच." अहो, काय साजेसं? तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं. तो गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर एकेक गोळी हिशेबानं मारत होता, तेव्हा आमच्या अख्ख्या सोसायटीनं टीव्हीसमोर श्वास धरला होता. त्या पोरांच्या हातातली रायफल नाहीतर पिस्तूल खेळाचं साहित्य आहे, पैलवानाच्या लंगोटासारखं. त्याला मखमल लागत नाही. साठीच्या हौसेला त्यांची नावं कशाला चिकटवलीत? आधीच गल्लीगल्लीत तलवारीनं केक कापून पोरं पोलीस ठाण्यात बसतात, त्यांच्या पाठीमागे रात्री बारापर्यंत डॉल्बी. त्यांना आता तुम्ही पुढची पायरी दाखवलीत.

जाता जाता आणखी एक. वाढदिवसाच्या जाहिरातींना आता पूर्ण पान मिळतं, त्यात शुभेच्छुकांचे फोटो टिकलीएवढे, आणि वाचकांची पत्रं मात्र दोन कॉलमांवरून एकावर आणलीत. डुकरांच्या नुकसानभरपाईबद्दल मी मागे लिहिलं होतं त्यातली नेमकी भरपाईची रक्कम आणि पंचनाम्याचा भाग कापलात, उरलं काय तर "शेतकरी त्रस्त". ते आम्हाला माहीत होतं.

कायद्याची माहिती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी ही विनंती. हे पत्र कापावं लागलंच तर मधल्या वन्संचा भाग कापा. त्या तुमचाच पेपर घेतात.

आपली,
एक जुनी वर्गणीदार,
राजारामपुरी, कोल्हापूर