फौजदाराबद्दल, आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि बाबांची रेंज जाते, म्हणून लिहितेय. निलंग्याचे मामा रविवारी रात्री डालगी घेऊन येतील. संक्रांतीनंतर निघालेल्या पिल्लांतले जे पाच कोंबडे आहेत, त्यांतले चार ते नेणार. त्यात फौजदार आहे. बोलणं पक्कं झालंय, तेव्हा मामांना चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावू नका.

बाबा, राग आला असेल. पण आधी ऐका. फौजदारानं केलेली पायाची जखम मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. तुम्ही पंचा टाकून झाकली होती तरी पाहिली. आई म्हणते, नखाचा ओरखडा आहे, जाईल. शुगरच्या माणसाच्या पायाचा ओरखडा कसा जातो ते आपण नानांच्या वेळी बघितलंय. आणि हे आत्ताचं. आत्ता फौजदाराच्या पायामागचा काटा हरभऱ्याएवढाच आहे. वर्षाचा होऊन पुढं गेला की तोच लांब आणि टोकदार होतो, उडी मारली की सरळ नडगीत.

तुम्ही म्हणता, "खेळतो गं तो." नाही खेळत. एक पंख खाली सोडून, जमिनीला घासत, तिरका तिरका तुमच्याभोवती फिरतो ना, तेच तो बाकीच्या चौघांपुढं करतो. अशक्त निघाला म्हणून तुम्ही त्याला टोपलीत बल्बखाली वाढवलं, तळहातावर कण्या चारल्या, वसरीत बाजेवर बसवलं. माणसाचा धाक म्हणून त्याला राहिलाच नाही. आता आरवायला लागला, अंगात रग आली, आणि त्याच्या हिशेबानं या अंगणात आणखी एक कोंबडा आहे, तो म्हणजे तुम्ही. तुम्ही काठी उगारली की त्याला वाटतं, आला झुंजीला. यात त्याचा दोष नाही, आणि तुमचा तर अजिबात नाही. तुम्ही जगवला म्हणून तो आहे. पण हातावर वाढलेला नरच बहुतेक वेळा अंगावर येतो.

म्हातारा तांबडा असता तर गोष्ट वेगळी होती. तो नुसती मान वर करून दोन पावलं पुढं आला की ही सगळी उकिरड्यामागं पळायची. मागच्या महिन्यात कुत्र्यानं त्याला नेलं आणि यांना विचारणारं कोणी उरलं नाही.

आई, आता तुझं. काबरीची पाठ बघ. पिसं गेलीत, कातडं लालभडक दिसतंय. पाच जण एकीच्या मागं लागतात, मानेची पिसं चोचीत धरून ठेवतात, एक उतरला की दुसरा चढतो. म्हणून ती दिवसभर न्हाणीच्या पत्र्यावर जाऊन बसते, दाणे टाकले तरी खाली येत नाही. अंडी कमी झाली ती नुसत्या उन्हानं नाही. उन्हानंही असतील थोडी, पण नुसत्या उन्हानं नाही. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तुझ्याकडे आठच आहेत.

ठेवायचा तो काळा. तू त्याला भित्रा म्हणतेस, म्हण. ज्वारीचा दाणा दिसला की तो चोचीत उचलतो, खाली टाकतो, कुक् कुक् करून तलंगांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत थांबतो. बाकीचेही बोलावतात, पण तलंग जवळ आली की दाण्याचं नाव नाही. घार दिसली की आधी ओरडतो तोही काळाच.

फौजदाराला कापायचं नाही, हे मी मामांकडून वदवून घेतलंय. मामीसमोर. मळ्यात मोकळा राहील, तिथं जुने दोन मोठे कोंबडे आहेत, ते त्याला त्याची जागा दाखवतील. बाकी तिघांचं आखाडात काय होणार ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. मरीआईचा नवसही त्यांतूनच फेडा. काळ्याला हात लावायचा नाही.

१९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात होतो तेव्हा, आई, धड भांडी नव्हती आणि तू कोंबडी आणलीस. बाबा तिला डालग्याखाली झाकून वर हात ठेवून झोपायचे आणि मी बाबांच्या कुशीत. पहिलं अंडं चुलीच्या राखेत भाजून मला दिलंस, दादाला नाही. तो अजून काढतो ते. मला काय कळत नाही का, कोंबड्या म्हणजे तुम्हाला काय आहेत ते? अंगण रिकामं करा असं मी कधीच म्हणणार नाही. दसऱ्यानंतर एखादी खुडूक झाली की बसव, एकवीस दिवसांत परत पिल्लंच पिल्लं.

रविवारपर्यंत मात्र मी सांगते तसंच. बाबा, अंगणात जाताना बूट. चप्पल नाही, बूट, दादानं आणलेले कपाटावर तसेच पडलेत. तो अंगावर आला तर पळायचं नाही, लाथ मारायची नाही, काठी तर आई, तू लपवूनच ठेव. जागेवर ठाम उभं राहायचं. अंडी काढायला वाकताना त्याच्याकडे पाठ करू नका. जखम रोज साबणाच्या पाण्यानं धुवा, हळद भरू नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन उद्याच घ्या. परवा नाही, उद्या. दुसरा पायही रोज रात्री आईला दाखवा, तळव्यासकट.

मामांना मुद्दाम रात्री बोलावलंय. अंधारात कोंबडी गपगुमान हाती लागतात, पळापळ होत नाही. बाबा, तुम्ही तेव्हा आत बसलात तर बरं. बसवत नसेल तर फौजदाराला तुम्हीच उचलून द्या. बूट घालून.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, पावसाच्या आधी राणीखेत रोगाची लस राहिलीय. जनावरांच्या दवाखान्यात विचारून घे. आठही जणींना आणि काळ्यालाही.