दादाच्या रक्ततपासणीविषयी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अल्झायमर होणार का ते रक्तातून कळतं म्हणे आता, दादाचं एकदा करून टाकू." घाईत "बघू" म्हणून फोन ठेवला, नीट उत्तर लिहूनच देते.

कळतं, हे खरं आहे. एकविसाव्या गुणसूत्राची जी तिसरी प्रत दादाला जन्मापासून आहे (तोच त्याचा डाऊन सिंड्रोम), त्याच गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक असतं. त्यापासून अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन, बनतं. म्हणून डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत त्याचे थर साठलेले असतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळणं, मात्र बहुतेकांना पन्नाशी ओलांडल्यावर दिसायला लागतो. मधल्या वर्षांत रक्तात पी-टाऊ २१७ हे अल्झायमरची खूण असलेलं प्रथिन वाढतं, न्यूरोफिलामेंट लाइटही वाढतं. यातलं दुसरं म्हणजे मज्जातंतूंना इजा झाली की सांडणारं प्रथिन. पण ते डोक्याला मार लागला तरी वाढतं आणि नुसत्या वयानेही. तेव्हा एका आकड्यावरून दादाचं भविष्य कुणी सांगायला लागलं, तर मी तरी ऐकणार नाही.

वयाचं म्हणाल, तर २०१५ मध्ये स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून पेशींचं वय काढलं. डाऊन सिंड्रोममध्ये रक्त आणि मेंदूच्या पेशी सरासरी ६.६ वर्षांनी म्हाताऱ्या निघाल्या. आई, दादाचे केस इतक्या लवकर पांढरे कसे झाले म्हणून तू हळहळतेस. त्यात तुझ्या संगोपनाचा काही संबंध नाही, हे एकदा मनावर घे.

मला जास्त काळजी वाटते ती त्याच्या शर्टाच्या बटणांची. मागच्या वेळी पाहिलं, पहिलंच बटण चुकीच्या काजात गेलं, खाली एक काज उरलं आणि तो त्याकडे बघत उभा राहिला. पूर्वी स्वतःच हसून सगळी काढून पुन्हा लावायचा. आई त्याला हट्टीपणा म्हणते. डाऊन सिंड्रोममध्ये विसरभोळेपणाच्याही आधी कधीकधी असंच होतं: उत्साह जातो, स्वभाव बदलतो, कामाचा क्रम चुकतो.

पण थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच बसून राहतो. ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं, बी-१२ची कमतरता, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं, आणि यावर उपचार आहेत. म्हणून आधी हे तपासायचं. घोरणं तर तुम्ही दोघंही "त्याचं नेहमीचंच" म्हणून सोडून देता!

दुसरं, डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नावलीचा त्याला फारसा उपयोग नाही. त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच व्हायला हवी, आणि पूर्वीचा दादा तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे? तो काय काय स्वतःचं स्वतः करतो, ते बाबांनी वहीत लिहावं. कपडे घालताना, जेवताना, जिना उतरताना फोनवर चित्रण करून ठेवावं. दर सहा महिन्यांनी पुन्हा.

अमायलॉइड काढणारी नवी औषधंही तुम्ही वाचली असतील. त्यातल्याच लेकॅनेमॅब या औषधाच्या मुख्य चाचणीत डाऊन सिंड्रोमची माणसं नव्हती. त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड साठलेलं असतं, त्यामुळे रक्तस्रावाची भीती जास्त. तूर्त त्या वाटेला जायचं नाही.

पुढच्या महिन्यात मी येतेच आहे. थायरॉइड आणि बी-१२चं रक्त तेव्हाच देऊ. दादाला मात्र आदल्या दिवशी मीच सांगेन, तुम्ही दोघं काही बोलू नका. सुईचं नाव काढलं की आईचा चेहराच त्याला सगळं सांगून टाकतो.

तुमची,
छोटी