कोड लिहिण्याआधी बिलं पुढ्यात ठेवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानातून तुम्ही निवृत्त झालात असं कळलं. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते सगळ्यांसमोर मानावेत असं वाटलं.

कापड दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करायला घेतलं तेव्हा आम्ही ‘तुम्हाला काय काय हवं’ हे विचारायला आलो होतो. तुम्ही मागण्यांची यादी दिली नाहीत. जुन्या बिलांचा गठ्ठा पुढ्यात ठेवलात आणि म्हणालात, ‘ही बिलं बरोबर निघाली की तुमचं काम झालं.’

ॲक्सेप्टन्स टेस्ट म्हणजे नेमकं हेच. काम पूर्ण कधी झालं म्हणायचं, ते वापरणाऱ्याच्या भाषेत आणि आकड्यांत आधी लिहायचं, मग कोड लिहायचा. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ मध्ये ‘फिट’ हे साधन केलं ते यासाठीच: तक्त्यात माहिती आणि अपेक्षित उत्तर भरायचं, जुळलं तर रकाना हिरवा, नाही जुळलं तर लाल. आम्ही क्युकंबर हे तशाच कामाचं साधन वापरतो. त्यात ‘जेव्हा’, ‘मग’ अशी मराठीत वाक्यं चालतात, म्हणून तर तुम्ही आमची फाइल प्रिंट काढून घेऊन लाल पेनाने तपासू शकलात.

या पद्धतीचा खरा कस २०२५ च्या सप्टेंबरात लागला. ३ तारखेला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. २२ पासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला, तयार कपड्यांवरच्या ५ टक्के कराची मर्यादा हजारावरून अडीच हजारांवर जाणार होती आणि त्याहून महाग कपड्यांचा दर १२ चा १८ टक्के होणार होता. नवरात्राची गर्दी तोंडावर असताना तुम्ही फोनवर एकेक ओळ सांगत गेलात. कर सोडून नग २५०० चा, तर कर १२५. नग २५०१ चा, तर कर ४५० रुपये १८ पैसे. १४०० चे दोन कुर्ते, बिल २८००, तरी दर ५ टक्केच, कारण मर्यादा नगाला आहे, बिलाला नाही. २६०० च्या कुर्त्यावर बिलातच १० टक्के सूट दिली तर कर २३४० वर: ११७ रुपये, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. १८ हजारांची पैठणीसुद्धा ५ टक्क्यांतच, कारण साडी हे न शिवलेलं कापड. एका रुपयाने सव्वातीनशेचा फरक पडतो ती जागा तुम्ही पहिल्याच दमात दाखवलीत. नियमाच्या काठावरचं उदाहरण निवडणं हे मोठं कौशल्य आहे, आणि ते मला कुठल्या प्रशिक्षणात नाही, तुमच्याकडे मिळालं.

आणि ती अदलाबदलीची ओळ! १८०० चा शर्ट जुन्या दराने विकला, कर २१६. गिऱ्हाईक २२ तारखेनंतर तो बदलायला आलं. परत आलेल्या शर्टाची क्रेडिट नोट, म्हणजे जुनं बिल वळतं करणारी पावती, जुन्याच १२ टक्क्यांची, बदली शर्टाचं बिल मात्र नव्या ५ टक्क्यांचं, कर ९०. हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नसतं. काउंटरवर सणानंतरची रांग ज्याने वर्षानुवर्षं सांभाळली आहे त्यालाच ते दिसतं.

आम्ही आधी तक्ता बदलला. सगळ्या नव्या ओळी लाल झाल्या. मग एकेक ओळ धरून कोड बदलत गेलो. कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं यावर टीममध्ये एकदाही वाद झाला नाही, कारण उत्तर तक्त्यात होतं. घटस्थापनेच्या सकाळी पहिलं बिल निघालं तेव्हा सगळ्या ओळी हिरव्या होत्या.

आता टीममध्ये नवीन कुणी आलं की आधी तुमच्या ओळी वाचायला देतो, कोड नंतर. तुमच्याच दुकानातल्या ताईंनी परवा गिफ्ट कूपनच्या चार ओळी स्वतः लिहून पाठवल्या. तुम्ही त्यांना शिकवून ठेवलंत, त्याबद्दल वेगळे आभार. कूपनचं काम पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. तुम्हाला सवड असेल तर त्या चार ओळींवरून एकदा नजर फिरवाल का?

तुमचा,
बिलिंगच्या टीममधला एक